ताई, आमचं नाटक कधी बसणार?

तरुण मुलांना नाटकाच्या खेळांतून बोलते करता येते, हे आता अनेक शाळांना आणि संस्थांना पटले आहे. पण मुले खरोखर बोलू लागली की पुढे काय करायचे, याची तयारी फार थोडे जण करतात.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाट्यशिबिरांचे फलक गल्लोगल्ली झळकू लागतात. गणपती जवळ आले की इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली इथल्या मराठी मंडळांतही तालमींना जोर चढतो. सगळीकडचे दृश्य साधारण सारखेच असते. एक उत्साही काका किंवा ताई, हातात नाटुकल्याच्या झेरॉक्स प्रती, आणि समोर दाटीवाटीने बसलेली मुले. ज्याचे पाठांतर चांगले, त्याला मोठी भूमिका. जो गप्प बसतो, त्याला झाड किंवा पहारेकरी. शेवटच्या दिवशी आईवडील पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात आणि फोटो काढतात.

यात वाईट काहीच नाही. आपल्या रंगभूमीवरचे कितीतरी कलावंत अशाच मांडवांतून पुढे आले. पण झाड झालेला मुलगा शिबिर संपेपर्यंत झाडच राहतो, हेही खरे. आणि बहुतेक वेळा ज्याला बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, तो तोच मुलगा असतो.

नाटक बसवणे आणि नाटकाच्या साहाय्याने मुलांबरोबर काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत नजर प्रयोगावर असते, दुसरीत मुलांवर. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या शिबिरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुले हमखास विचारतात, ‘‘ताई, आमचं नाटक कधी बसणार?’’ ताईची तयारी पक्की नसेल तर या एका प्रश्नाने ती गडबडते आणि कपाटातून झेरॉक्स प्रती बाहेर काढते.

गिरणीतली मुलगी आणि झाडूवाली बाई

या कामाची पद्धत एका दिवसात तयार झालेली नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात ‘हल हाउस’ नावाचे एक सेवाकेंद्र होते. देशोदेशींहून आलेली स्थलांतरित कुटुंबे त्याच्या आसपास राहत. तिथे व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) या तरुणीने नेवा बॉइड यांच्याकडून मुलांच्या खेळांचा अभ्यास केला. पुढे तिने स्वतः नाट्यवर्ग घेतले, तेव्हा समोरच्या मुलांची भाषा एक नव्हती की रीत एक नव्हती. त्यांना ‘अभिनय करा’ म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने प्रत्येक प्रसंगाचा खेळ केला आणि प्रत्येक खेळात सोडवायला एकच अडचण ठेवली. १९६३ साली निघालेले तिचे ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हे पुस्तक नाट्यशिक्षकांच्या टेबलावर आजही सापडते.

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांची गोष्ट तर कादंबरीत शोभेल अशी आहे. चौदाव्या वर्षी ही मुलगी लोकरीच्या गिरणीत मागावर उभी राहिली. नाट्यशिक्षणासाठी ती निघाली तेव्हा, जमले नाही तर तुझे तीन माग तुझी वाट पाहत असतील, असा धीर तिला गिरणीतून मिळाला होता. ते माग वाटच पाहत राहिले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९५० साली, ती विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागली. १९७१ साली बीबीसीने तिच्या कामावर काढलेल्या माहितीपटाचे नावही ‘थ्री लूम्स वेटिंग’ असेच होते. वर्गाबाहेर उभे राहून सूचना देण्याऐवजी शिक्षकानेच एक भूमिका घेऊन मुलांच्या नाटकात शिरायचे, ही तिची युक्ती.

तिसरे नाव ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांचे. १९७१ साली लष्करी राजवटीने त्यांना पकडले आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. १९७३ साली ते पेरू देशात साक्षरता मोहिमेत काम करत होते. तिथे एका निरक्षर स्त्रीने आपली हकीगत सांगितली. नवऱ्याने तिला काही कागद जपून ठेवायला दिले होते, घराच्या कामाचे म्हणून. शेजारणीकडून वाचून घेतले तर ती निघाली त्याच्या प्रेयसीची पत्रे! नवरा संध्याकाळी घरी येणार, तेव्हा या बाईने काय करावे? नटांनी प्रसंग उभा केला. प्रेक्षक एकेक उपाय सुचवत होते आणि नट तो करून दाखवत होते. प्रेक्षकांतील एका धिप्पाड बाईला मात्र काहीच पटेना. नवऱ्याशी स्पष्ट बोलायला हवे, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगे. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच येऊन दाखवा. ती आली, तिने झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला असा झोडपला, की स्पष्ट बोलणे म्हणजे काय ते सगळ्यांना कळले. प्रेक्षकाने स्वतः उठून भूमिका हातात घ्यायची, हा ‘फोरम थिएटर’चा नियम अशा प्रसंगांतून घडला.

भारतातही हे बीज रुजले. पश्चिम बंगालमधील ‘जन संस्कृती’ ही १९८५ साली सुरू झालेली संस्था खेड्यापाड्यांत बोआल यांच्या पद्धतीने नाटके करते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ साली शिक्षणातील नाट्यासाठी स्वतंत्र पथक उभे केले. ठाण्यात ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम चालवला. त्यात वस्त्यांतील मुलामुलींनी स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन नाटुकली रचली आणि सादर केली.

आधी प्रश्न, मग खेळ

तेव्हा एखाद्या मंडळाने, शाळेने किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेने असे वर्ग घ्यायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण खेळांची यादी करू बसतात. यादी सोपी असते. आपल्याकडे खेळांना तोटा नाही. ‘शिवाजी म्हणतो’, ‘विषामृत’, ‘स्टॅच्यू’ हे सगळे उत्तम नाट्यखेळच आहेत. पण यादीच्या आधी एक प्रश्न लिहावा लागतो, आणि तो जितका लहान तितका चांगला.

‘व्यसनमुक्ती’ हा विषय घेतला की मुले भाषण करतात. सिगारेट वाईट, दारू वाईट, टाळ्या. त्याऐवजी वहीत लिहावे, ‘शाळेबाहेर मित्राने पहिली सिगारेट पुढे केली, ती परत करताना काय बोलायचे?’ आता खेळायला काहीतरी आहे. मित्र तुटू द्यायचा नाही, भित्रा ठरायचे नाही आणि सिगारेटही ओढायची नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ही कसरत रोज करावी लागते आणि तिच्यावर कोणत्याही पाठ्यपुस्तकात धडा नाही.

प्रश्न निवडताना एक पथ्य बोआल यांनीच घालून दिले आहे. ज्या प्रसंगात समोरच्याला काहीतरी करून पाहायला वाव उरला आहे, तोच प्रसंग घ्यावा. चौघांनी धरून एकाला मारले, इथे खेळण्यासारखे काही नाही. फार तर कोण जास्त जोरात मारतो, एवढेच ठरते. त्याच्या आदल्या दिवशी काय घडले, ते घ्यावे.

मुलांची संख्या सोळा ते वीस असली की काम बरे चालते. त्याहून जास्त असली तर गप्प मुले गर्दीत सहज लपतात. दोन तासांचा एक वर्ग धरावा, आणि मोठी माणसे दोन असावीत. एक खेळ घेणारी, दुसरी फक्त मुलांकडे पाहणारी. या दुसऱ्या माणसावर खर्च कशाला, असे आयोजक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर पुढे येईलच.

पहिली वीस मिनिटे

मुले येतात तीच मुळी अवघडलेली. तेरा-चौदाव्या वर्षी आपलेच हातपाय आपले वाटत नाहीत. आवाज फुटलेला, चेहऱ्यावर मुरुमे, आणि सगळे जग आपल्याकडेच पाहते आहे ही खात्री. अशा मुलाला गोलाच्या मध्यभागी उभे करून ‘स्वतःबद्दल दोन वाक्ये सांग’ म्हणणे ही शिक्षाच झाली.

इथे स्पोलिनची एक अडचणीची युक्ती उपयोगी पडते. गोलात उभे राहून मुलांनी एकमेकांकडे पाण्याने काठोकाठ भरलेली घागर द्यायची. घागर नाहीच, पण पाणी सांडता कामा नये. मग घागरीचे वजन, तिचा ओला काठ, बोटांची पकड याकडे सगळे लक्ष जाते आणि आपल्याकडे कोण पाहते आहे याचा मुलाला विसर पडतो. खेळ घेणाऱ्याने मधूनच हळू आवाजात म्हणावे, ‘‘जड आहे हं,’’ ‘‘काठ गळतोय.’’ खेळ थांबवून दुरुस्त्या सांगू नयेत. ‘छान’, ‘शाब्बास’ हेही नको. एकाला शाब्बासकी दिली की उरलेले एकोणीस जण शाब्बासकीसाठी खेळू लागतात.

डोळे बांधून मागे झोकून द्यायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे, असा एक विश्वासाचा खेळ शिबिरांत फार लोकप्रिय आहे. पहिल्या दिवशी तो टाळलेलाच बरा. विश्वास अजून जमलेला नसतो, आणि मुलेमुली एकत्र असतील तर स्पर्शाने काही जणी आक्रसून जातात. उद्यापासून त्या येतच नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत. समोरासमोर उभे राहून, स्पर्श न करता, एकाने दुसऱ्याचा आरसा व्हायचे हा खेळ तेच काम जास्त हळुवारपणे करतो. प्रत्येक खेळात ‘मी आज बाहेर बसून पाहणार’ म्हणायची मुभा असावी, आणि ही मुभा वापरणाऱ्याला टोमणा मारला जाऊ नये.

टोपलीतली ओढणी

अंग मोकळे झाले की मुख्य प्रसंग. समजा, प्रश्न असा आहे की दहावी झालेल्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजात जायचे आहे आणि घरचे नाही म्हणतात. इथे हौशी माणसे एक घोडचूक करतात. ती अशी, ‘‘तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय? चल, तूच करून दाखव.’’

असे कधीही करू नये. ज्या मुलीच्या घरी ते घडले आहे, तिला उद्या त्याच घरी जायचे असते. तिच्या वडिलांना ओळखणारी मुले याच गोलात बसलेली असतात. आपली जखम सगळ्यांसमोर उघडी करून ती घरी जाते, आणि शिबिर घेणारे पुढच्या गावी जातात.

म्हणून गोष्ट कुणाचीच नसावी, म्हणजे ती सगळ्यांची होते. मुलांनीच एक मुलगी रचावी. नाव काय? ‘सुमन.’ गटात कोणी सुमन आहे का, हे आधी पाहावे. असली तर नाव बदलावे. कोणाच्या आईचे, बहिणीचे नाव असले तरीही बदलावे. सुमनच्या घरात कोण कोण आहे, एसटी स्टँड किती दूर, बस किती वाजता सुटते, हे सगळे मुलांनी ठरवावे. वेताच्या एका टोपलीत एक ओढणी, एक टोपी, एक जुना चष्मा ठेवावा. ओढणी घेतली की सुमन, टोपी घातली की वडील. सुमनच्या नावाआडून मुलगी जे बोलते, ते तिने स्वतःच्या नावाने कधीच बोललेले नसते. त्यातले किती तिचे आणि किती सुमनचे, याची चौकशी कोणी करायची नाही.

हीथकोट यांची रीत वापरायची तर ताईने स्वतःच टोपी घालावी. दम देणारे वडील नव्हे, तर गोंधळलेले वडील करावेत. ‘‘मला काही कळत नाही बाबा, शेजारच्या गावात काय झालं ते ऐकलंस ना? तूच सांग, मी कशाच्या भरवशावर पाठवू?’’ असे वडील समोर आले की मुलांना वाद घालावा लागतो, नुसते ओरडून भागत नाही.

प्रसंग एकदा पूर्ण खेळून दाखवायचा. त्यात सुमन हरते. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा, आणि ज्याला वाटेल की इथे सुमनने काही वेगळे करायला हवे होते, त्याने ‘थांबा’ म्हणून उठायचे, ओढणी घ्यायची आणि करून पाहायचे. मुलगा असला तरी. नियम एकच. वडिलांची जागा घेता येत नाही, बदलता येते फक्त सुमनला. कारण घरी गेल्यावर वडील बदलून मिळत नाहीत.

पहिला उठतो तो बहुधा वडिलांवर ओरडतो. टोपीवाला आणखी ताठतो. मग कोणी आत्याला मध्ये घालते, कोणी बसचे वेळापत्रक आणते, कोणी शेजारच्या दोन मैत्रिणींना बरोबर नेते. एखादा येतो आणि वडील एका वाक्यात विरघळतात, ‘‘जा बाळ, शीक.’’ तेव्हा गटाला विचारायचे, ‘‘असं होतं का?’’ मुले एका आवाजात ओरडतात, ‘‘जादू!’’ जादू बाद, पुन्हा खेळा.

या खेळात सूत्रधाराने उत्तर द्यायचे नसते. बोआल यांनी या सूत्रधाराला ‘जोकर’ म्हटले होते, पत्त्यांतला जोकर जसा कोणत्याच रंगाचा नसतो तसा. आपल्याकडच्या ताई-दादांना हे सर्वांत जड जाते. तोंडावर आलेला उपदेश गिळणे सोपे नसते.

आता त्या दुसऱ्या माणसाचे काम. सगळ्यांचे डोळे सुमनवर असताना कोपऱ्यातली एक मुलगी बोटे कुरतडायला लागली, एक मुलगा अकारण हसत सुटला, कोणी तिसऱ्यांदा पाणी प्यायला गेले. खेळ घेणाऱ्याला ते दिसत नाही. दुसऱ्या माणसाने न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसायचे, बाहेर जायचे का एवढे विचारायचे. सगळ्यांसमोर ‘काय झालं गं?’ हा प्रश्न नको.

बाहेर येण्याची वाट

वर्गाची शेवटची वीस मिनिटे कागदावर सर्वांत आधी लिहावीत आणि काहीही झाले तरी मोडू नयेत. खेळ रंगला म्हणून वेळ वाढतो, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो आणि मुले तशीच, अर्धी सुमन अर्धी स्वतः, सायकलीवर टांग मारून निघून जातात. त्या रात्री घरी कोणी वडिलांवर टोपीवाल्यासारखा आवाज चढवला, तर त्याचे उत्तर कोण देणार?

म्हणून ज्याने जी वस्तू घेतली त्याने ती टोपलीत परत ठेवायची, हात झटकायचे आणि मोठ्याने स्वतःचे नाव सांगायचे. ‘मी सुमन नाही, मी अमकी.’ त्यात घरातल्या, रोजच्या दोन गोष्टी जोडाव्यात. आज घरी जेवायला काय आहे, गृहपाठ कुठला राहिला. ज्याने वडील किंवा गुंड केला असेल त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे. मुले दुसऱ्या दिवशी त्याला त्याच नावाने चिडवतात. मग गोलात बसून बोलायचे ते सुमनविषयी, तिला काय वाटले असेल, कोणता उपाय खरा वाटला. शेवटी ‘मामाचं पत्र हरवलं’सारखा धावपळीचा एखादा खेळ.

ते गुपित

आणि तरीही कधी तरी एखादी मुलगी सगळे गेल्यावर मागे रेंगाळते. ‘‘ताई, कुणाला सांगणार नाही ना?’’

‘नाही सांगणार’ हे उत्तर तोंडातून पटकन निघते आणि तीच चूक असते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा धोका असल्याचे कळले, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा ठरतो. शिबिर घेणारे स्वयंसेवक याला अपवाद नाहीत. पाळता न येणारे वचन देऊन नंतर मोडले, तर त्या मुलीच्या दृष्टीने विश्वासघात करणारे आणखी एक मोठे माणूस वाढते.

म्हणून पहिल्याच दिवशी, पहिल्या खेळाआधी, साध्या शब्दांत सांगून टाकावे, ‘‘इथं कुणी काही बोललं तर त्याची बाहेर चेष्टा करायची नाही. पण कुणाला धोका आहे असं मला कळलं, तर मी मदत करणाऱ्या माणसाला सांगणार. आणि सांगण्याआधी तुला सांगणार.’’ हे ऐकून एखादी मुलगी बोलणार नाही, असे वाटते. उलट, पुढे काय होईल हे माहीत असलेली मुले विचार करून बोलतात. आराखड्याच्या वहीच्या पहिल्या पानावर जवळच्या समुपदेशकाचा आणि डॉक्टरचा फोन नंबर आणि मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक लिहिलेला असावा. हे पान रिकामे असेल, तर सुमनची गोष्ट काढू नये. घागर भरावी, आरसा खेळावा, तेवढेही पुष्कळ आहे.

आणि गॅदरिंगचे काय?

राहता राहिला पालकांचा प्रश्न. फी भरलेली असते, शेजाऱ्यांना सांगून झालेले असते, शेवटच्या दिवशी काहीतरी पाहायला हवेच. त्यांची ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. आठ दिवस मुलगी हसत घरी येते आणि काय केले विचारले तर ‘घागर दिली’ म्हणते. आईला काळजी वाटणारच.

यावर पाठांतराचे नाटुकले हा उपाय नव्हे. शेवटचे चार दिवस त्यातच जातात आणि गप्प मुलगा पुन्हा झाड होतो. त्यापेक्षा पालकांसाठी एक उघडा वर्ग ठेवावा. खुर्च्या रांगेत नकोत, गोलात हव्यात. मुलांनी कोणता प्रसंग दाखवायचा हे मुलांनीच ठरवावे, आणि जे गटापुरते राहावे असे त्यांना वाटते ते बाहेर आणू नये. सुरुवातीला पालकांकडूनही घागर भरून घ्यावी. मोठी माणसे पाणी फार सांडतात. मुलांना ते पाहायला भलतीच मजा येते.

मग सुमनचा प्रसंग. एखादे वडील अस्वस्थ होऊन उठतातच. ‘‘मी बापाचं काम करतो, बाप असा बोलत नसतो.’’ त्यांना नियम सांगायचा. वडिलांची जागा घेता येत नाही, हवे तर सुमन व्हा. थोडी हसाहशी होते, ते मागे वळून आपल्या मुलीकडे पाहतात, आणि बऱ्याचदा ओढणी घेतात. पहिल्या वाक्यालाच अडखळतात. झाल्यावर ती ओढणी टोपलीत ठेवायला आणि स्वतःचे नाव मोठ्याने सांगायला त्यांनाही सांगायचे असते.